बॉनेट उघडून बघितलंस का?

मंगळवारची सकाळ. अकराला बीकेसीत इंटरव्ह्यू. मी वेळेवर (हो, चक्क वेळेवर!) पार्किंगमध्ये. किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या आकाराचा. गाडी सुरू झाली, पण अशी थरथरत, की इंटरव्ह्यूचं टेन्शन माझ्यापेक्षा तिलाच जास्त!

बाबांना फोन लावला. पहिलाच प्रश्न, "बॉनेट उघडून बघितलंस का?"

"बाबा, आता बॉनेट कुणी उघडत नाही. स्कॅन करतात."

फेकली नुसती. खरी गोष्ट अशी, की ही सेकंडहॅण्ड हॅचबॅक घेऊन तीन वर्षं झाली, ईएमआय अजून चालू आहे, पण बॉनेटचा खटका कुठे असतो हेच मला माहीत नव्हतं.

रिक्षाने इंटरव्ह्यू उरकला. गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला. एसी लाउंज, फुकट कॉफी, टायवाला एक्झिक्युटिव्ह. निदान झालं : उंदराने वायरी कुरतडल्या. आणि एस्टिमेट? ४२ हजार!

"मॅडम, आम्ही वायर जोडत नाही. पूर्ण हार्नेस बदलतो." हार्नेस म्हणजे इंजिनाच्या वायरींचा अख्खा जुडगा. इन्शुरन्स म्हणाल, तर पैसे वाचवायला मी फक्त थर्ड पार्टी घेतलेला. फ्रीलान्सरला ४२ हजार म्हणजे किती लेखांचं मानधन, हा हिशोब मी लाउंजमध्येच केला आणि कॉफी तशीच ठेवली.

आमच्याकडे २००९ पर्यंत पद्मिनी होती. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची, १०८९ सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात ती हमखास बसायची. उष्णतेने पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप ती ओढू शकायचा नाही. बाबा शांतपणे बॉनेट उघडायचे, पेट्रोल पंपावर ओला नॅपकिन ठेवायचे. तोवर आम्ही वडापाव खायचो. दहा मिनिटांत गाडी चालू. खर्च? वडापावचा!

रविवारी सकाळी ते पॉलिश पेपरने पॉइंट घासत बसायचे, प्लग काढून फुंकर मारायचे. तिच्या बॉनेटखाली जे होतं ते डोळ्यांना दिसायचं आणि बहुतेक पान्याने खोलता यायचं. म्हणून तर मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती इतकी वर्षं ओढली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, फोटो टाकले. मीही.

पण मंडळी, खरं सांगा, रोज ती चालवाल? पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही, एबीएस नाही. धूर किती सोडते ते मोजणारा सेन्सर नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ आलं. त्या नियमांत बसायचं तर इंजिनात किती पेट्रोल, किती हवा, हे क्षणाक्षणाला कॉम्प्युटरनेच ठरवायला हवं. म्हणजे वायरी आल्याच. उंदीरही आलेच!

शेवटी गाडी पुन्हा टो केली आणि बाबांच्या जुन्या गॅरेजवाल्या काकांकडे नेली. मला वाटलं, ते पाना काढतील. त्यांनी काढला स्कॅनर! डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावला, कोड वाचला. एका सिलिंडरच्या इंजेक्टरला करंट जात नव्हता. दोन वायरी तुटलेल्या. सोल्डर केल्या, वर स्लीव्ह चढवली. १,८०० रुपये.

"आणि एअरबॅगची वायर कुरतडली असती तर?" मी विचारलं.

"तर परत पाठवलं असतं. तिथे जोडाजोडी करायची नाही. आणि कंपनीचं सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही."

सर्व्हिस सेंटरचंही सगळंच चुकत नाही. कच्ची जोडलेली वायर शॉर्ट होऊन गाडी पेटू शकते. पण दोन वायरी आणि अख्खा हार्नेस यांच्यामध्ये काहीतरी असतं, हे मला तिथे कुणी सांगितलं नाही. गाडीला नेमकं काय झालंय ते तिने सांगितलेलं होतं, फक्त मला नाही. हे दुखणं माझ्या एकटीचं नाही बरं का! स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. कंपन्या अर्थातच त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यातल्या चार क्षेत्रांत गाड्याही आहेत.

तोवर आपल्या हातात काय? तीन प्रश्न. स्कॅनमध्ये कोड कुठला आला, तो लिहून द्याल? हा पार्ट दुरुस्त होतो का, आणि नसेल तर का नाही? बदललात तर जुना पार्ट मला परत मिळेल? हे तिन्ही हसून विचारा, पण एस्टिमेटवर सही करण्याआधी विचारा. मी नेमकं उलटं करणार होते. पेन हातात होतं!

रविवारी बाबा आले. पार्किंगमध्ये मी ऐटीत खटका ओढला (ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतो, तुम्हालाही सांगून ठेवते) आणि बॉनेट उचललं. आत काळं प्लॅस्टिकचं झाकण. बाबांनी चष्मा लावला, वाकून बघितलं, इकडून तिकडून बघितलं.

"इंजिन कुठंय?"

"त्याच्या खाली."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग एका कोपऱ्यात बोट घालून त्यांनी चिंध्या आणि कागदाचे कपटे बाहेर काढले. उंदराचं घरटं!

"बघ," ते म्हणाले, "हे काही स्कॅनमध्ये आलं नव्हतं."