लेखणीचा रियाज

आमच्या बडोद्यात मराठी लिहिणाऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती लिहिलेले पुरे करणाऱ्यांची. कोणाच्या खणात अर्धी कादंबरी पडून आहे, कोणी संस्थानी काळातल्या घरगुती आठवणी मनात साठवून आहे, कोणी एखाद्या ग्रंथाची टिपणे दहा वर्षे जमवीतच बसला आहे. विचारावे तर उत्तर ठरलेले : “लिहायचे आहे हो, पण अजून तेवढा आत्मविश्वास येत नाही.” म्हणजे आत्मविश्वास आधी यावा आणि लेखन मागाहून व्हावे, असा हा क्रम. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आणि तो सुलटा कसा करावा, हे लेखकांनी शेजारच्या घरून, म्हणजे संगीताकडून शिकण्यासारखे आहे.

दरबारी गवयाच्या घरात वाढलो आणि आता शिकवण्याचाच व्यवसाय करतो, म्हणून हे थोड्या अधिकाराने सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी विचारले की काय शिकायचे, तर तो सांगतो, “फैयाजखाँसाहेबांसारखे गायचे आहे.” इच्छा थोर आहे, पण ते उद्दिष्ट नव्हे. त्या वाक्याने उद्या सकाळी तंबोरा जुळवल्यावर नेमके काय करावे, हे कळत नाही. म्हणून शिक्षक त्याचे तुकडे पाडतो : या आठवड्यात यमनाचे पाच पलटे, मध्य लयीत, एकही स्वर न घसरता. आठवडा संपला की पलटे जमले किंवा जमले नाहीत, हे गुरूला कळते आणि शिष्यालाही कळते. जमले तर पुढच्या शनिवारी तो थोडा ताठ बसून गातो. तो ताठपणा म्हणजेच आत्मविश्वास. तो कोणी वरून दिलेला नसतो. पाच पलटे पुरे केल्याची ती पावती असते.

मानसशास्त्रानेही हीच गोष्ट आपल्या रीतीने तपासून पाहिली आहे. आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली असे मांडले, की ‘हे मला जमेल’ या भावनेचा सर्वांत बळकट आधार म्हणजे स्वतः यशस्वीपणे केलेले काम. उपदेश आणि शाबासकी यांचा क्रम त्याच्या खालचा. १९८१ साली त्यांनी आणि डेल शुंक यांनी वजाबाकीत कच्च्या असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. सात बैठकांत पुरी करावयाची ४२ पाने मुलांपुढे ठेवली. काही मुलांना सांगितले, दर बैठकीस सहा पाने करा. काहींना सांगितले, सातव्या बैठकीअखेर सगळी पाने पुरी करा. हिशेब एकच, ४२ पाने. परंतु सहा-सहा पानांची मुले गणितात पुढे गेली, त्यांचा स्वतःवरचा भरवसा वाढला आणि ज्या विषयाचा कंटाळा होता त्याची गोडीही लागली. दूरच्या उद्दिष्टाने मात्र म्हणण्यासारखे काहीच साधले नाही. खणातल्या अर्ध्या कादंबरीचे निदान यात आहे. तिच्या लेखकापुढे ‘कादंबरी’ आहे. ‘आजची पाने’ नाहीत.

उदाहरणासाठी लांब जावयास नको. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले आणि १९२५ पर्यंत या शहरात राहिले. मराठ्यांचा समग्र इतिहास लिहीन, अशी गर्जना करून ते काही बसले नव्हते. राजपुत्रांना इतिहास शिकवावयाचा होता, त्यासाठी टिपणे काढणे भाग होते. पाठ ठरलेला, त्याला टिपण हवेच. या टिपणांतून १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ उभी राहिली आणि पुढे ‘मराठी रियासती’चे खंडामागून खंड निघाले. नोकरी सुटल्यावर ते कामशेतला जाऊन राहिले आणि तेथून पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादिले. वयाच्या ऐंशीच्या पुढे इंग्रजीतील तीन खंडांचा मराठ्यांचा इतिहासही पुरा केला. एवढा डोंगर पाहून आपण थक्क होतो. पण डोंगराच्या पायथ्याशी एका पाठाचे एक टिपण आहे, हे विसरून चालणार नाही.

दुसरे उदाहरण पंडित भातखंडे यांचे. १९१६ साली याच बडोद्यात महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यामागे भातखंड्यांची खटपट होती. पेशाने ते वकील. त्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा पहिला भाग १९१० साली निघाला आणि चौथा १९३२ साली, मध्ये बावीस वर्षे गेली. सगळा ग्रंथ मराठीत, आणि तोही गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने. शिष्याने प्रश्न करावा, गुरूने त्याचे उत्तर द्यावे, आणि उत्तर संपले की पुढचा प्रश्न. विषय सागरासारखा असला तरी लिहिणाऱ्यापुढे एका वेळी एकच प्रश्न असावा, ही सोय त्या रचनेतच आहे.

इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांनी तर याचा चोख जमाखर्चच मांडला. ते टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. पहाटे साडेपाचला लिहावयास बसता यावे म्हणून कॉफी घेऊन उठवण्यासाठी त्यांनी एका जुन्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा दिले होते. बसल्यावर पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लेखन वाचण्यात जाई. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांस अडीचशे शब्द. प्रत्येक पुस्तकासाठी रोजनिशी असे आणि दिवसाकाठी किती पाने झाली ती तीत मांडली जात. या बेताने त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, त्यातून ही हकीगत बाहेर पडली, आणि रसिकांची नाके मुरडली. हा कलावंत की कारकून, असा सवाल उठला आणि त्यांची कीर्ती काही काळ उतरली. गंमत अशी की हा हिशेब ठाऊक नव्हता तोवर त्याच कादंबऱ्या लोक आवडीने वाचत होते!

हा आक्षेप आपल्याकडेही आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. प्रतिभा घड्याळाच्या काट्यावर नाचत नाही, हे मला मान्य आहे. मैफलीत एखादा स्वर असा लागून जातो की तो पुन्हा मागून मिळत नाही. परंतु तो कोणाला लागतो? ज्याने रोज पहाटे खर्ज भरला, त्यालाच. रियाज प्रतिभा निर्माण करीत नाही. ती येईल तेव्हा गळा तयार ठेवतो, इतकेच. शिवाय मराठी लेखकाने मुदतीला नाक मुरडणे शोभत नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाल्यापासून आपल्या किती उत्तम कथा केवळ संपादकाच्या तगाद्यामुळे कागदावर उतरल्या असतील! तो तगादा बाहेरचा. उद्दिष्ट ठरवणे म्हणजे तोच तगादा आपण आपल्याला लावणे.

मात्र उद्दिष्ट कशाचे ठरवावे, याचा विवेक हवा. ‘यंदा माझे पुस्तक निघेल’, ‘अमुक पुरस्कार मिळेल’ ही उद्दिष्टे नव्हेत; ती प्रकाशकाच्या आणि परीक्षकाच्या हातातली गोष्ट आहे. दुसऱ्याच्या हातातल्या गोष्टीवर आत्मविश्वास टांगला, की तो दुसऱ्याच्या मर्जीने हलतो. उद्दिष्ट आपल्या हातातल्या कामाचे असावे आणि ते मोजता यावे. ते लहानही असावे. इतके की घरात पाहुणे असताना, अंगात कणकण असतानाही पुरे होईल. रोज दीडशे शब्द, म्हणजे वहीचे एखादे पान. आठवड्यातून पाच दिवस आणि वर्षातले पन्नास आठवडे लिहिले तर साडेसदतीस हजार शब्द होतात. छोटेखानी पुस्तकच झाले की ते! गणपती, नवरात्र, लग्नसराई यांची सुटीही या हिशेबात बसते.

त्यात आणखी दोन पथ्ये पाळावीत. लिहावयाची वेळ आणि सुधारावयाची वेळ वेगळी ठेवावी. आलाप चालू असताना दर स्वराला थांबून परीक्षा घेत बसलो तर राग उभाच राहत नाही. आणि झालेल्या कामाची नोंद भिंतीवर किंवा वहीत रोज करावी. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची एक मुलाखत १९५८ साली प्रसिद्ध झाली. तीत त्यांच्या हवानातील खोलीचे वर्णन आहे. रोजच्या शब्दांचा तक्ता ते पुठ्ठ्यावर मांडून ठेवीत, स्वतःची फसवणूक होऊ नये म्हणून. एखाद्या दिवशी आकडा फुगलेला दिसे, तो दुसऱ्या दिवशी बिनघोर मासे धरावयास जाता यावे म्हणून. पुढे काय येणार हे ठाऊक असतानाच ते लेखणी खाली ठेवीत. ही युक्ती गवयालाही पटेल. गळा थकण्याआधी उठलो तर उद्या बसावेसे वाटते.

एक धोकाही सांगितला पाहिजे. मोजणी हीच साधना होऊन बसली की सारेच फसते. शंभर पलटे मोजून घेणारा आणि मन बाजारात ठेवणारा विद्यार्थी मी पाहतो. त्याचा आकडा भरतो, गळा रिकामाच राहतो. लेखकानेही महिन्यातून एकदा आकड्यांची वही बाजूला ठेवून लिहिलेले एखाद्या जाणत्या माणसाला वाचून दाखवावे. आकडा सांगतो की आपण बसलो. काय साधले, ते ऐकणाऱ्याच्या तोंडावर दिसते. आणि चुकून आठवडा रिकामा गेला, तर मागची बाकी फेडीत बसू नये. आजचे पान लिहावे.

हे सारे मी या शहरात आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. आमची नवी पिढी गुजराती किंवा इंग्रजी शाळांतून शिकते. मराठी घरात बोलली जाते, पण लिहिली कमी जाते. मागच्या पिढीची जी माणसे आज आहेत, त्यांच्याजवळ वाड्यांच्या, शाळांच्या, गायनशाळेच्या आणि मुदपाकखान्यांच्या हकीगती आहेत. अनेक चिजांचे पाठभेद तर केवळ कंठात आहेत. ती माणसे गेली की ते सारे त्यांच्याबरोबर जाईल, आणि मग कितीही आत्मविश्वास आला तरी त्याचा उपयोग नाही. येथे पुढच्या सरदेसायांची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. ज्याच्या घरी असे एखादे वडीलधारे माणूस आहे, त्याने आज संध्याकाळी त्याच्यापाशी बसून एक हकीगत विचारावी आणि निजण्यापूर्वी तिचे एक पान लिहावे, उद्या दुसरी. पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत ही पाने किती झाली, ते ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे.