पिशवीवरचे नाव आणि पिशवीतली कॉफी

सातारा जिल्ह्यातील पाटण हे चहाचे गाव आहे. कोयना आणि केरा यांच्या संगमावरील या तालुक्याच्या ठिकाणी सकाळ उजाडते ती चहाच्या आधणाने, आणि कचेरीतील कामाचा खोळंबा सुसह्य होतो तोही चहाच्याच कपाने. कॉफी येथे पाहुणी. आजारपण, उपवास किंवा रात्रीचे जागरण अशा निमित्तानेच जायफळ घातलेली, दुधात उकळलेली गोड कॉफी होत आली. परंतु मुंबई-पुण्यात नोकरीस असलेली मुले सणासुदीला गावी परततात, तेव्हा त्यांच्या सामानात आता एखाद्या नामांकित कॉफीगृहाची चकचकीत पिशवीही असते. आणि घरपोच माल पाठविणाऱ्या व्यापाराने तीच पिशवी शिक्षकाच्या व कारकुनाच्या दाराशी आणून ठेवली आहे. तिची किंमत पाहता, कोणती कॉफी घ्यावी यापेक्षा कोणती घेऊ नये हा प्रश्न पगारदार कुटुंबाला अधिक उपयोगाचा आहे.

कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान बंगळुरात १९९६ साली निघाले. टाटा आणि स्टारबक्स यांच्या भागीदारीतील पहिले दुकान मुंबईत हॉर्निमन सर्कलपाशी २०१२ साली उघडले. दिल्लीत ब्लू टोकाईचा आरंभ २०१३ सालचा. अशा कॉफीगृहांत कपाला मोजावे लागणारे दाम अनेकांना अवाजवी वाटते. पण त्या दामात केवळ कॉफी नसते. मोक्याच्या जागेचे भाडे, थंड हवा, खुर्ची आणि तासभर कोणी उठवणार नाही ही निश्चिंती, यांचे ते मोल असते. ज्याला ते हवे आहे त्याने ते अवश्य द्यावे. घोटाळा होतो तो पुढे. खुर्चीमुळे मिळालेली कीर्ती पिशवीला चिकटते, आणि घरी कॉफी करणारा ग्राहक आपल्याच खुर्चीत बसून त्या कीर्तीचे भाडे भरतो. शिवाय त्या दुकानातील बहुतेक पेयांत दूध, साखर आणि सुवासिक पाक यांचाच भरणा असतो. असे पेय आवडले म्हणून त्यातील बी उत्तम, हे अनुमान तर्काला धरून नाही.

अज्ञानाचा बाजार

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. त्यांचा मुद्दा असा : मालाचे दोष विक्रेत्याला ठाऊक असतात, खरेदीदाराला नसतात. चांगला व वाईट माल वेगळा ओळखता येत नसल्याने खरेदीदार दोहोंना सारखेच मध्यम दाम देऊ करतो. त्या दामात चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून तो बाजारातून उठतो आणि वाईट तेवढा उरतो. यावर तोडगा एकच. ज्याच्यापाशी चांगला माल आहे त्याने पडताळून पाहता येईल अशी माहिती आपण होऊन द्यावी, आणि ग्राहकाने न बोलणाऱ्याचे मौन हीच माहिती समजावी. कॉफीच्या पिशवीला ही कसोटी तंतोतंत लागू पडते.

अख्ख्या बीचा पहिला गुण असा की, तिच्यात चिकोरी लपत नाही. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ. तिची लागवड गुजरात व उत्तर प्रदेशात होते. मुंबई इलाख्याच्या जिभेला तिची सवय जुनी आहे. लोण्यासाठी गाजलेल्या पोल्सनचा आरंभीचा धंदा चिकोरीमिश्रित कॉफीचाच होता. चिकोरी घालणे ही भेसळ नव्हे. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापावे, असे कायदा सांगतो. मात्र ते प्रमाण वाचून हिशेब कोणी करत नाही. समजा, २०० ग्रॅम मिश्रण २०० रुपयांना मिळते व त्यात ४० टक्के चिकोरी आहे. म्हणजे कॉफी १२० ग्रॅम, आणि तिचा दर ग्रॅमला पावणेदोन रुपयांच्या आसपास. शेजारची शुद्ध कॉफी २०० ग्रॅमला २६० रुपयांची असली, तर तिचा दर एक रुपया तीस पैसे. ज्याला केवळ कॉफी हवी, त्याला स्वस्त दिसणारी पुडीच महाग पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका कॉफीचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात पौंडाला चार डॉलरांच्या वर गेला होता. कच्चा माल असा कडाडतो तेव्हा प्रमाणाची ओळ डोळ्यांत तेल घालून वाचणे भाग आहे.

टाळावे काय?

चिकोरी लपत नसली, तरी बीमध्ये वय लपते. भाजल्यानंतर बीतून काही दिवस कर्बवायू बाहेर पडत राहतो. तो गेला की प्राणवायूचा अंमल सुरू होतो आणि सुगंध ओसरू लागतो. साधारणपणे भाजणीनंतर पहिला आठवडा सरल्यावर पुढचे महिनाभर बी ऐन भरात असते. दळलेल्या पुडीची उतरण तर काही तासांतच जाणवू लागते. म्हणून ज्या पिशवीवर भाजणीची तारीख नाही, केवळ ‘अमुक महिन्यांपर्यंत उत्तम’ एवढेच आश्वासन आहे, ती पिशवी पहिल्याप्रथम टाळावी, मग नाव कितीही मोठे असो. त्या आश्वासनाने बी कधी भाजली हे कळत नाही, आणि चव ऐन भरात आहे की नाही हेही कळत नाही. ब्लू टोकाईसारखे विक्रेते ही तारीख छापतात. त्याअर्थी ती छापणे अशक्य नाही.

दुसरी टाळावी ती काळीकुट्ट, तेलाने चकाकणारी बी. शेकडो शाखांतून एकच चव द्यायची आणि ती भरपूर दुधासाखरेतूनही जाणवली पाहिजे, तर बी करपण्याच्या बेतापर्यंत भाजणे साखळीला सोयीचे असते. कारण कडक भाजणीत मळ्यामळ्यांतील फरक पुसले जातात. घरी पाण्यावर कॉफी गाळणाऱ्याच्या कपात मात्र केवळ कडवटपणा उतरतो, आणि पृष्ठभागावर आलेले तेल लवकर खवट होते. निम्मे दूध घालणाऱ्याला ही भाजणी चालेल. कोऱ्या कॉफीवाल्याने तिच्या वाटेस जाऊ नये.

तिसरी पिशवी काव्यमय नावाची. बी अरेबिका की रोबस्टा, कोणत्या प्रदेशातली, कितपत भाजलेली, यांपैकी काहीच न सांगता जी केवळ पहाट, पाऊस आणि प्रवास यांची वर्णने करते, ती माहिती देत नसून भूल घालते. चौथी, व्हॅनिला वगैरेंचा कृत्रिम वास दिलेली : वासाखाली शिळेपण झाकता येते. पाचवी, सवलतीत मिळणारी किलोची पिशवी. दिवसाला पंधरा ग्रॅम वापरणाऱ्या घरात ती दोन महिन्यांहून अधिक पुरते, आणि पाटणच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत, दररोज उघडली गेल्यावर, तिच्या उत्तरार्धात सुगंधाचा मागमूसही उरत नाही. फुकट गेलेला अर्धा किलो हिशेबात धरला, तर सवलत उरत नाही.

आणि जायफळाची, दुधात उकळलेली कॉफी ज्या घरात आवडीने होते, त्या घराने या सगळ्याच पिशव्या टाळाव्यात. त्या पेयाची खुमारी दूध, साखर व जायफळ यांच्या मेळात आहे. तेथे साधी पूड पुरते. मुलांनी आणली म्हणून जुनी चव मागासलेली ठरत नाही.

यावर कोणी म्हणेल की, साखळीची पिशवी निदान दर वेळी सारखी तरी निघते, छोट्या भाजणीवाल्याचा भरवसा काय? आक्षेपात तथ्य आहे. एकसारखेपणा हाही गुण आहे आणि साखळ्या तो निष्ठेने सांभाळतात. परंतु चव सारखी असणे आणि चव चांगली असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. तारीख, जात व भाजणी छापणारी साखळी असेल, तर तिची पिशवी खुशाल घ्यावी. हरकत नावाला नाही, मौनाला आहे.

ग्राहकाचे बळ

कॉफीच्या व्यापाराने दोन टोके पाहिली आहेत. १९४०च्या दशकापासून मळेवाल्याला आपला माल कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात घालावा लागे, आणि कोणत्या मळ्याची कॉफी कोणाच्या कपात गेली हे कोणालाच कळत नसे. १९९६ पर्यंत ही बंधने टप्प्याटप्प्याने उठली. आज पिशवीवर मळ्याचे नाव छापता येते. तेवढ्याने मळेवाल्याला जास्त दाम मिळतोच असे नाही. परंतु नाव छापले गेले तरच चांगल्या पिकाला वेगळे दाम मागण्याची सोय होते. ग्राहकाने माहितीचा आग्रह धरणे त्याच्या स्वतःच्या जिभेइतकेच चिकमगळूरच्या मळ्यांच्याही हिताचे आहे.

एकट्या ग्राहकाच्या आग्रहाला फारसे वजन नसते, हे खरे. पण त्याचा उपायही महाराष्ट्राला नवा नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून एकत्र खरेदीची रीत घालून दिली. पाटणातील पाच-सहा शिक्षक-कारकुनांच्या घरांनी मिळून महिन्याला एक किलो ताजी, अख्खी बी मागवून त्याच दिवशी वाटून घेतली, तर घाऊक दर मिळण्याची शक्यता वाढते, टपालखर्च विभागला जातो आणि कोणाच्याच डब्यात माल शिळा होत नाही. अशा खरेदीपूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : बी कोणत्या तारखेस भाजली? उत्तर देता न येणाऱ्याची कॉफी, तिच्यावरचे नाव कितीही थोर असले, तरी घेऊ नये.