तिजोरीतले मद्यालय

ल्युटेन्स म्हटले की आपल्याला दिल्लीचे राष्ट्रपती भवन आठवते. 1920च्या दशकात हाच वास्तुकार लंडनमधील पोल्ट्री या रस्त्यावर मिडलँड बँकेचे मुख्यालयही उभारत होता. 1992 मध्ये बँक एचएसबीसीकडे गेली, पुढे इमारत ओस पडली आणि 2017 मध्ये तेथे ‘द नेड’ हे हॉटेल सुरू झाले. (नेड हे ल्युटेन्सचेच लाडके नाव!)

‘वारशाचा बाजार मांडला’ ही टीका अशा वेळी ठरलेलीच. मला ती येथे पटत नाही. ही वास्तू काही देवालय नव्हती. ती पैशाच्या व्यवहारासाठीच बांधली होती. तळमजल्यावरील हिरव्या दगडाचे 92 स्तंभ आणि अक्रोडी लाकडाचे काउंटर अजून दिसतात. इमारत सर्वोच्च श्रेणीत संरक्षित आहे हे खरे, पण कायदा पाडकाम रोखतो. गळके छप्पर दुरुस्त करायला उत्पन्नच लागते.

माझा आक्षेप निराळा आहे. तळघरातील तिजोरीत तीन हजारांहून अधिक लॉकरांच्या भिंती राखून मद्यालय थाटले आहे. देखणेच आहे ते. मात्र अशा रूपांतरात लॉकर टिकतात आणि त्यांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांचे काम विस्मरणात जाते. म्हणून परवानगी देतानाच जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती नोंदवून ठेवण्याची अट घालायला हवी. मुंबईच्या फोर्टमधील जुन्या बँका आणि पेढ्यांसाठी तर आपण परवानगीची वाटही पाहू नये. तेथून निवृत्त झालेले कारकून अजून आपल्यात आहेत.