साडेबारा टक्क्यांची वाटणी

उरण तालुक्यातील जासई हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले ते 1984 च्या जानेवारीत. त्या महिन्याच्या 16 व 17 तारखांना जमिनीच्या मोबदल्यासाठी या परिसरात रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण गमावले. याच गावचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याचे फळ म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत देण्याची योजना. लढ्याचा हा इतिहास दरवर्षी हुतात्मा दिनी सांगितला जातो, आणि तो सांगितला गेलाच पाहिजे. परंतु तो वाटा घराच्या उंबरठ्याच्या आत आल्यानंतर आई-बाप, भाऊ-बहीण या नात्यांचे काय झाले, याची चर्चा व्यासपीठावर होत नाही. ती ओटीवर, आणि तीही दबक्या आवाजात होते.

हिशेब साधा आहे. एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्क्यांची वजावट झाली की हाती उरतात साडेतीन गुंठे. ज्या बापाची एक एकर खाचरे गेली त्याला चार मुले असतील, तर एकेकाच्या वाट्याला पुरता गुंठाही येत नाही. भाताचे खाचर चौघांत वाटले तरी लावणीला आणि मळणीला सारे एकत्र येत; वाटणी कागदावर राही आणि श्रम सामाईक राहत. भूखंडाला श्रम लागत नाहीत, केवळ सह्या लागतात. जी वस्तू घराला एकत्र बांधून ठेवीत होती तिची जागा, वाटून घेण्याखेरीज जिचा दुसरा उपयोग नाही अशा वस्तूने घेतली. ‘हल्लीच्या पोरांना माया राहिली नाही’ ही वडीलधाऱ्यांची तक्रार म्हणूनच अर्धीच खरी मानावी लागते.

सह्यांचा प्रश्न निघाला की घरातील मुलींची आठवण होते. एरवी माहेरच्या वाटणीत ज्यांचे नावही निघत नाही, त्या विवाहित बहिणींना वारस म्हणून बोलावणे जाते आणि त्यांच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. वस्तुतः कायदा याबाबत संदिग्ध नाही. महाराष्ट्राने 1994 मध्येच वडिलार्जित मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध वाटा दिला, पण त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ही उणीव दूर केली, आणि 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क अबाधित राहतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी दिला. असे असूनही सही होते, कारण सही नाकारणे म्हणजे गौरी-गणपतीला माहेरची वाट बंद करून घेणे, हे त्या बहिणीला पुरते ठाऊक असते. यातील खरी कोंडी आई-बापांची आहे. ज्या मुलाच्या घरी म्हातारपण काढायचे त्याला दुखवावे, की मुलीला डावलावे? बहुतेक जण दुसरा मार्ग पत्करतात आणि त्याला रीत असे नाव देतात.

पुढे त्या मुलाने सांभाळले नाही, तर काय? ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 अन्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळविता येते. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. मात्र अशी अट होती हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. पोटच्या मुलाला भूखंड देताना दस्तात ‘मला जेवू घालशील तर’ असे कोणता बाप लिहून घेतो? शिवाय त्रिपक्षीय करारनामा होऊन भूखंड विकासकाकडे गेला आणि पैसा गाडी-बंगल्यात मुरला, की परत मिळवायचे ते काय, हाही प्रश्न उरतोच. दस्त करणाऱ्या वकिलांनी ही अट आपण होऊन सुचविली, तर पुष्कळ म्हाताऱ्यांचे कल्याण होईल.

दुसरा प्रश्न तरुण आई-बापांचा आहे आणि तो जमिनीइतकाच बिकट आहे. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, त्याभोवती कंटेनरची गोदामे उभी राहिली. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी सुरू झाली, 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. काम गावाजवळ आले, पण ते बहुतांशी कंत्राटी आणि पाळीचे. रात्रपाळी करून सकाळी झोपणारा बाप आणि सकाळी शाळेत जाणारे मूल यांची गाठ आठवड्याच्या सुट्टीलाच पडते. शेतीत बाईच्या हातांना काम होते आणि मूल बांधावर डोळ्यांसमोर खेळत असे. शेती गेली तेव्हा तिचे काम आणि मुलाची ती जागा दोन्ही गेली, आणि मोबदल्याच्या कोणत्याही तक्त्यात या दोहोंचा रकाना नव्हता. आता ती नोकरीस बाहेर पडते तेव्हा मूल आजीकडे राहते. त्याच आजीकडे, जिच्या नावावर काही उरलेले नाही.

2017 च्या दुरुस्तीने 50 वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती केली. पण ही सोय मातृत्वाच्या कायद्यातून आलेली असल्याने मूल सांभाळणे हे केवळ आईचेच काम, हे गृहीत तीत कायम राहिले. शिवाय एकाच आवारातील कामगार अनेक कंत्राटदारांच्या हजेरीपटांवर विखुरलेले असले, म्हणजे पन्नासाचा आकडा नेमका कोणाचा मोजावा आणि खर्च कोणी सोसावा, हा वाद उभा राहतो. बंदर, गोदामे आणि विमानतळ यांच्याकडून स्थानिकांना नोकऱ्या मिळाव्यात ही मागणी रास्तच आहे. सर्वपक्षीय कृती समित्यांनी पुढच्या निवेदनात तिच्या जोडीला गावोगावी सामाईक पाळणाघरांची मागणी घालावी. तिला जमीन लागेल ती दोन-तीन गुंठेच, आणि सार्वजनिक सोयींच्या नावाने कापून घेतलेले पावणेचार टक्के सिडकोच्या हाती गेलेलेच आहेत.