‘स्कार्फच्या आत कोण बघणार आहे?’

मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली, स्कार्फ घालू लागली की आपल्या बऱ्याच घरांत एक वाक्य ऐकू येते, ‘आता केसांचे एवढे लाड कशाला? आत कोण बघणार आहे?’ मग सकाळी शाळेच्या घाईत केस ओले असोत की सुके, मागे घट्ट ओढायचे, रबरबँड आवळायचा आणि वर स्कार्फ पिनने बसवायचा. संध्याकाळी घरी आल्यावरही तोच अंबाडा, झोपतानाही तोच. या महिन्यात आम्हाला या सवयीबद्दल बोलायचे आहे. तिच्यावरचा उपाय स्वस्त आहे आणि मजेचाही : घरात वेगवेगळ्या केशरचना करून पाहणे.

पडदा म्हणजे केसांकडे दुर्लक्ष करण्याची मुभा नव्हे. ज्याला केस आहेत त्याने त्यांची कदर राखावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण सुनन अबू दाऊदमध्ये आली आहे. प्रेषित (स.) मक्केत आले तेव्हा त्यांच्या केसांच्या चार वेण्या होत्या, असे हजरत उम्मे हानी (रजि.) यांनी सांगितले आहे. एतिकाफमध्ये असताना ते मशिदीतून आपले डोके हजरत आयशा (रजि.) यांच्या खोलीकडे झुकवत आणि त्या केस विंचरून देत. एकमेकांचे केस विंचरणे हे घरातल्या मायेचे काम आहे, हे यावरून कळते. दिवसभर आरशापुढेच बसू नये म्हणून एक दिवसाआड विंचरण्याची हदीसही आहे. कदर हवी आणि मर्यादाही हवी.

आता डोक्याच्या त्वचेचे पाहू. केस रोज एकाच दिशेने घट्ट ओढले की त्यांच्या मुळांवर सतत ताण पडतो. ओढ बसून होणाऱ्या या केसगळतीला डॉक्टर ‘ट्रॅक्शन अलोपेशिया’ म्हणतात. कपाळाच्या कडेचे आणि कानशिलांवरचे केस आधी विरळ होतात. वेळीच ताण काढला तर ते पुन्हा येतात. वर्षानुवर्षे तसेच चालले तर मुळे कायमची निकामी होतात. यात दोष स्कार्फचा नाही, आतल्या आवळलेल्या अंबाड्याचा आहे. केस सोडताच डोक्याला ‘हुश्श’ वाटत असेल, कडेला दुखत असेल किंवा बारीक पुटकुळ्या दिसत असतील, तर बांधणी फार घट्ट आहे असे समजावे. ओले केस ताणाने लवकर तुटतात आणि झाकलेल्या ओलाव्यात खाज व कोंडा वाढतो. म्हणून केस पूर्ण वाळल्यावरच बांधावेत.

रविवारची दुपार या प्रयोगांना बरी. केस धुऊन वाळवावेत. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकांचा गुंता काढावा, मग हळूहळू वर यावे. भांग नेहमीच्या जागेवरून बोटभर सरकवून पाहावा. एवढ्यानेही ताणाची जागा बदलते.

स्कार्फच्या आत सपाट बसणारी रचना हवी असेल तर दोन सैल वेण्या घालाव्यात, मानेजवळ एकमेकींवरून नेऊन दोन-तीन यूपिनांनी बसवाव्यात. टेंगूळ येत नाही आणि सगळा भार एका जागी पडत नाही. सागरवेणी शिकायला सोपी आहे : माथ्यावर तीन पेड धरायचे आणि प्रत्येक वळशाला बाजूची एक बारीक बट त्यात मिसळत खाली यायचे. फिशटेलमध्ये केसांचे दोनच भाग. एका भागाच्या बाहेरच्या कडेची बट उचलून दुसऱ्या भागात आतून मिसळायची, मग दुसऱ्या बाजूची. कुरळेपणा हवा असेल तर रात्री सुकत आलेल्या केसांच्या चार सैल वेण्या घालून सकाळी सोडाव्यात. गरम इस्त्री लागत नाही. इस्त्री वापरायचीच असेल तर ओल्या केसांवर कधीच नको. आतल्या पाण्याची वाफ होऊन केस पोकळ होतो आणि तो भाग पुन्हा नीट होत नाही. समोरचे केस घरीच कापताना लक्षात ठेवावे, की ओले केस लांब दिसतात आणि वाळल्यावर वर चढतात. आधी थोडेसेच कापावे.

काही मर्यादाही मुलींना प्रेमाने सांगाव्यात. लग्नसराईत मिळणारे मानवी केसांचे गंगावन जोडण्यास हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे. लोकरीच्या किंवा रेशमी धाग्यांच्या गोंड्याला मात्र अनेक उलेमांनी परवानगी दिली आहे. घट्ट वेण्या जनाबतच्या गुस्लसाठी सोडाव्या लागतात का, हे हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी विचारले होते. डोक्यावर तीन ओंजळी पाणी घेणे पुरेसे आहे, असे उत्तर मिळाले. पाणी मुळांपर्यंत पोहोचले पाहिजे, एवढे पाहावे. आणि मोबाइलचे भान हवे. सुंदर वेणी जमली की फोटो काढावासा वाटणारच. पण मैत्रिणीला पाठवलेला फोटो पुढे कुणाच्या हाती जाईल, हे आपल्या हातात राहत नाही. आरसा पुरे.

मुलांनाही यातून वगळू नये. डोक्याचा काही भाग मुंडायचा आणि काही राखायचा, याला ‘कझअ’ म्हणतात. त्याची मनाई बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. घरी ट्रिमर फिरवताना मुलाला हे समजावून सांगावे, नुसते रागावू नये.

‘आत कोण बघणार आहे?’ या प्रश्नाचे उत्तर आम्हाला असे वाटते : ती स्वतः बघणार आहे. अम्मी, दादी, बहिणी बघणार आहेत. आपले सौंदर्य घराबाहेर झाकायचे असते; घरात त्याचे कौतुक व्हावे, हा मुलीचा हक्क आहे. तो घरात मिळाला नाही तर कौतुकाची भूक ती बाहेर शोधेल. शिवाय वेणी घालताना अर्धा तास मुलगी अम्मीकडे पाठ करून बसलेली असते. समोरासमोर न निघणाऱ्या गोष्टी तेव्हा सहज निघतात. शाळेतली चिंता, मैत्रिणीशी झालेला अबोला, मनातली भीती. हात केसांत ठेवावा आणि कान तिच्याकडे.

अल्लाह आपल्या मुलींना हया आणि आनंद दोन्ही देवो. आमीन.