तासिकेतील मिनिटांचा हिशेब

वर्गातील वेळ कसा वाचवावा, याचे धडे शिक्षकांना प्रशिक्षण वर्गांतून सातत्याने दिले जातात. प्रश्न फळ्यावर आधीच लिहून ठेवावेत, वह्यांचे वाटप मुलांकडे सोपवावे, सर्वांच्या वह्या एकाच दिवशी न तपासता गटागटाने तपासाव्यात, हजेरी चालू असताना मुलांना एखादे उदाहरण सोडवायला द्यावे, इत्यादी. या सूचना उपयुक्त आहेत. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत वर्ग स्थिरस्थावर होण्यातच पाच-सात मिनिटे गेली, तर हाती उरते किती? साताऱ्याच्या कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी जमिनीवर अक्षरे-अंक आखून मुलांना स्वतःहून शिकण्याची सवय लावली, तेव्हा त्यातून शिक्षकाचाही वेळ मोकळा झाला. मुद्दा असा की, अशा रीतीने वर्गात वाचवलेला वेळ वर्गाबाहेरची यंत्रणा सहज गिळून टाकते.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे, असे त्याची अनुसूची सांगते. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. यातील रोजचा अर्धा तास जरी माहिती भरण्यात, फोनवरील तातडीच्या निरोपांत आणि पोषण आहाराच्या नोंदींत गेला, तर वर्षाला १०० तास बुडतात. शाळेचे पूर्ण पंचवीस दिवस! मुले एवढे दिवस गैरहजर राहिली असती, तर पालकांना नोटीस गेली असती.

याच कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते. अपवाद तीनच : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. तथापि, निवडणुकीचे काम म्हणजे केवळ मतदानाचा दिवस नव्हे. मतदारयाद्यांचे पुनरीक्षण आणि केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची जबाबदारी हा वर्षभर चालणारा व्याप आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच स्पष्ट केले होते की, शिक्षकांना हे काम सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे. अध्यापनाच्या वेळेत ते साधारणतः देऊ नये. जानेवारी २०२४ मध्ये मराठा समाजाच्या मागासलेपणाच्या सर्वेक्षणासाठीही शिक्षकांना घरोघर फिरावे लागले. हे काम वरील तिन्ही अपवादांत कसे बसते, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला तो उगीच नव्हे.

त्याची झळ सर्वांना सारखी बसत नाही. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात आणि वर्ग असतात चार किंवा पाच. एरवीही प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचा अर्धाच वेळ येतो. त्यातील एक शिक्षक सर्वेक्षणाला गेला, की दुसरा शिकवत नाही. तो मुले सांभाळतो. शहरातील खासगी शाळांत चित्र वेगळे दिसते, पण वेळ तेथेही गळतोच. स्नेहसंमेलनाच्या तालमी, प्रत्येक उपक्रमाची छायाचित्रे, पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावरील खुलासे. यातील बऱ्याच गोष्टींचा आग्रह आपण पालकच धरतो, हेही मान्य केले पाहिजे.

सर्व दोष शासनाच्या माथी मारणेही योग्य नाही. अशैक्षणिक कामांची ढाल पुढे करून न शिकवणारे शिक्षकही आहेत आणि त्यांच्यामुळे इतरांची रास्त तक्रार पातळ होते. माहिती नकोच, असेही कोणी म्हणत नाही. पट ठाऊक नसेल, तर पाठ्यपुस्तके आणि धान्य पोहोचणार कसे? अडचण आहे ती पुनरुक्तीची. मुलाचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक ‘सरल’मध्ये भरायचा, ‘यू-डायस’मध्ये भरायचा, ‘अपार’ ओळख क्रमांकासाठी पुन्हा जुळवायचा. नावात एका अक्षराचा फरक निघाला की पालकांच्या घरी खेपा घालायच्या. संगणकीकरणाने हे काम कमी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात वहीतील नोंद कायम राहिली आणि पडद्यावरील नोंदीची भर पडली.

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा शासन निर्णय काढला. वर्गवारी झाली ते बरेच झाले. पण शिक्षकाकडून काढून घेतलेले काम करणार कोण? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला सहसा लिपिक नसतो. दहा-पंधरा शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक माहिती लिपिक दिला आणि एकदा भरलेली माहिती सर्व प्रणालींनी आपापसांत घ्यावी असे बंधन घातले, तर वर उल्लेखिलेल्या अर्ध्या तासातील बराच भाग वर्गात परतेल. २०२७ च्या जनगणनेसाठी शिक्षक लागणारच, आणि ते कायद्याला धरूनही आहे. मात्र लोकसंख्या मोजणीसाठी ठरवलेला फेब्रुवारी हा परीक्षांच्या तोंडावरचा महिना. निदान द्विशिक्षकी शाळांतून एका वेळी एकालाच बोलवावे आणि त्या काळापुरता केंद्रातील निवृत्त शिक्षक मानधनावर द्यावा. त्याचा आदेश नेमणूकपत्रांसोबतच निघायला हवा.