हिरव्या पिशवीचे ढोंग

महाराष्ट्राच्या शहरी मध्यमवर्गाला पापक्षालनाचा एक नवा आणि सुटसुटीत मार्ग सापडला आहे. पूर्वी त्यासाठी काशीला जावे लागे. आता कोपऱ्यावरच्या दुकानातून हिरव्या पानाचे चित्र छापलेली कचऱ्याच्या पिशव्यांची गुंडाळी आणली की भागते. गुंडाळीवर ‘इको-फ्रेंडली’ असे ठळक लिहिलेले असते. त्यातली एक पिशवी डब्यात पसरायची, तिच्यात कालचा वरणभात, केळीच्या साली, दुधाची पिशवी, संपलेले सेल आणि बाळाचा डायपर असे सारे गुण्यागोविंदाने कोंबायचे, वर घट्ट गाठ मारायची आणि वसुंधरेवर उपकार केल्याच्या समाधानात दार लावून घ्यायचे! या प्रकाराला आम्ही पर्यावरणप्रेम म्हणणार नाही. हे शुद्ध ढोंग आहे.

आधी त्या ‘इको-फ्रेंडली’ छापाची झडती घेऊ. त्याच्या जोडीला बहुधा ‘बायोडिग्रेडेबल’ असेही छापलेले असते, म्हणजे विघटनशील. पण कुठे, किती दिवसांत आणि कशात विघटन होणार? हे तीन प्रश्न विचारताच बहुतेक गुंडाळ्यांची दातखीळ बसते. ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ नावाचा प्रकार तर निव्वळ हातचलाखी आहे. नेहमीच्याच प्लास्टिकमध्ये एक रसायन मिसळायचे. मग ऊन-वाऱ्याने पिशवीचे बारीक बारीक तुकडे होतात. डोळ्यांना दिसेनासे झाले म्हणून प्लास्टिक संपत नाही, ते मातीत आणि पाण्यात कणाकणाने भिनते. युरोपीय संघाने 2021 च्या जुलैपासून या प्रकारावर बंदी घातली, ती उगाच नव्हे. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा पिशव्या तीन वर्षे मातीत पुरून आणि समुद्रात बुडवून ठेवल्या. 2019 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षांनंतरही बाजार भरून आणण्याइतकी धडधाकट होती!

मग ‘कंपोस्टेबल’ पिशवीचे काय? ती खरी असू शकते, पण तिच्याही अटी आहेत. मक्याच्या स्टार्चची म्हणून जी मिरवते, तिच्यात पुष्कळदा खनिज तेलापासून केलेले पण कुजणारे पॉलिमरही असते. तिची कसोटी लागते ती सुमारे 58 अंश सेल्सिअसला, भरपूर हवा आणि ओल मिळणाऱ्या खताच्या ढिगात. तिथे ती सहा महिन्यांच्या आत बहुतांश विरून गेली पाहिजे. गॅलरीतल्या कुंडीएवढ्या खतपेटीत ही उष्णता टिकत नाही आणि पिशवीचे लगदे महिनोन्महिने तसेच राहतात. कचऱ्याच्या डोंगराखाली तर हवाच पोहोचत नाही. तिथे ती एक तर तशीच पडून राहते, किंवा कुजलीच तर मिथेन सोडते.

आमच्या घरांतली ही पिशवी जाते कुठे? देवनारला 1927 पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. 2016 च्या जानेवारीत तो डोंगर पेटला आणि त्याच्या धुराने शहर दिवसच्या दिवस खोकत राहिले. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी पुण्याच्या कचऱ्यापायी आपल्या विहिरींचे पाणी नासताना पाहिले आणि वर्षानुवर्षे आंदोलने केली. त्या डोंगराला हिरव्या पिशवीची आणि काळ्या पिशवीची जात वेगळी कळत नाही. मिसळलेला कचरा कोणत्याही पिशवीत भरा, त्याची गत एकच.

सरकारचे कर्तृत्व तर काय वर्णावे! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, मुंबई बुडाली, आणि तुंबलेल्या गटारांतून प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या तेव्हा राज्यकर्त्यांना जाग आली. 2006 साली कायदा आणि नियम झाले. 23 मार्च 2018 ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, 23 जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला 5 हजार, दुसऱ्याला 10 हजार, तिसऱ्याला 25 हजार आणि तीन महिन्यांची कैद! कायदा असा कडक आणि अंमल असा मऊ की काही दिवस उलटले नाहीत तोच किरकोळ दुकानदारांसाठी सवलतीचे दार किलकिले झाले. आज कोणत्याही बाजारपेठेत जा, काळ्या पातळ पिशव्यांच्या गुंडाळ्या उघड्यावर लटकलेल्या दिसतील. त्याच अधिसूचनेने घनकचरा हाताळण्यासाठी कंपोस्टेबल पिशवीला सूट दिली होती. हेतू ठीक होता. पण सूट कोणाच्या पदरात पडली? हिरव्या शाईने दोन शब्द छापून नेहमीचे प्लास्टिक विकणाऱ्यांच्या!

आणि या साऱ्याची किंमत कोण मोजतो? सकाळी सातच्या सुमारास कोणत्याही वर्गीकरण शेडवर जाऊन उभे राहा. कचरावेचक बाई पिशवीची गाठ सोडायला बघते. गाठ सुटत नाही, म्हणून ती बोटाने पिशवी फाडते. आतून आंबलेल्या आमटीचा लोट येतो, त्यात भिजलेला पुठ्ठा, खरकट्याने माखलेली बाटली आणि तळाशी फुटलेल्या पेल्याची काच. हात कापतो. ती तो ओढणीच्या टोकाला पुसते आणि पुढची पिशवी ओढते. जो पुठ्ठा कोरडा असता तर तिला चार पैसे देऊन गेला असता, तो आता कवडीमोल झालेला असतो. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती याच बायकांच्या श्रमाला कामाची प्रतिष्ठा मिळावी म्हणून. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात आम्ही त्यांच्या हाती खराटा घेतलेल्या पुतळ्याला हार घालतो आणि आमच्याच दारातून गेलेली घाण उघड्या हातांनी निवडायला दुसऱ्याच्या आईला लावतो. लाज वाटली पाहिजे!

धर्माच्या नावानेही हेच चालते. देवाची फुले पायदळी जाऊ नयेत म्हणून आम्ही ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधतो आणि पुलावरून नदीत भिरकावतो. निर्माल्याचे पावित्र्य राखायचे आणि नदीचा गळा आवळायचा! खरकटे भरलेली पिशवी रस्त्यावर पडली तर त्या वासाने गाय ती गिळते. शस्त्रक्रियेत तिच्या पोटातून किलोकिलोने प्लास्टिक निघते. गोमातेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी आपल्या डब्यातली पिशवी एकदा तपासावी.

उपाय काय, असे कोणी विचारील. उपाय साधा आहे, म्हणूनच तो कोणी विकत नाही. ओल्या कचऱ्याला पिशवीच लागत नाही! एक झाकणाची बालदी घ्या. वर्तमानपत्राची दोन-तीन पाने आडवी-उभी ठेवून तिच्यात दाबून बसवा, तळाशी मूठभर सुका पाला किंवा लाकडाचा भुसा टाका. भाजीची देठे आणि खरकटे निथळून मगच आत जाऊ द्या, कारण दुर्गंधी सुटते ती पाण्यामुळे. घंटागाडी आली की बालदी थेट तिच्यात रिकामी करा, पाण्याने विसळा आणि उन्हात पालथी घाला. बालदीच्या अस्तराला या अग्रलेखाचे पान कामी आले तरी आमची हरकत नाही. सुका कचरा कोरडाच ठेवायचा, त्याला घरातली जुनी गोणी किंवा फाटकी कापडी पिशवी पुरते. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल खूण करून वेगळे द्या, म्हणजे उघडणाऱ्या हातांना आत काय आहे ते कळेल.

तरीही कुठे पिशवी लागलीच, तर डोळे उघडे ठेवून घ्या. ‘निसर्गस्नेही’, ‘हरित’, ‘बायो’ या शब्दांना भुलू नका. पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द आणि आयएस 17088 या मानकाचा उल्लेख आहे का ते पाहा. उत्पादकाचे नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक शोधा. हे नसेल तर ती गुंडाळी दुकानदाराला परत करा. आणि खरी कंपोस्टेबल पिशवी मिळाली, तरी ती ओल्या कचऱ्यासाठीच वापरा आणि तुमचा ओला कचरा खरोखर खतप्रकल्पात जातो का, याची चौकशी करा. ती सुक्या कचऱ्यात पडली तर पुनर्वापराला जाणारे चांगले प्लास्टिकही नासवते.

महापालिकांना आमचा सवाल आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणे सक्तीचे केले. रोज 100 किलोहून अधिक कचरा करणाऱ्या गृहसंकुलांनी आणि हॉटेलांनी आपला ओला कचरा होईल तितका आपल्याच आवारात जिरवावा, असेही सांगितले. मग सकाळी वेगळा दिलेला कचरा एकाच गाडीत एकत्र का होतो? मिसळलेल्या कचऱ्याची पिशवी परत करण्याची मुभा सफाई कामगाराला का नाही? परत केली तर मुकादमाला नगरसेवकाचा फोन का येतो? बनावट हिरव्या पिशव्यांच्या कारखान्यांना टाळे का लागत नाही? वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेने कचऱ्याचे काटेकोर वर्गीकरण करून आपला कचरा डेपो लोकांनी पाहायला यावे असा केला. जे वेंगुर्ल्याला जमले ते कोट्यवधींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या महापालिकांना जमत नाही, हे कोणाला पटेल?

वाचकहो, सरकार जागे होईल तेव्हा होईल. तुमच्या स्वयंपाकघरावर सरकारचे राज्य नाही, तुमचे आहे. उद्या सकाळी डब्यातली पिशवी काढा, ओले आणि सुके वेगळे करा, आणि घंटागाडीवरच्या माणसाच्या हाती कचरा देताना त्याच्या डोळ्यांत पाहून द्या. एवढे जमत नसेल, तर हिरव्या पिशव्या विकत घेण्याचा खर्चही वाचवा. ढोंगाला तरी पैसे मोजू नका!